गुरुवारचा रविवार

आमच्या मंडळीने यंदा काढलेल्या स्मरणिकेत शलमोन मास्तरांनी जंगलातल्या एका लग्नाची हकीकत लिहिली आहे. तीत माझ्याविषयी तीन विधाने आहेत. पहिले, त्या दिवशी गुरुवार आहे हे मास्तरांनी ओळखले, मी नव्हे. दुसरे, लग्न मोडत आले असता नियमांच्या पुस्तकातून वाट काढली ती मास्तरांनी, मी नव्हे. तिसरे, जाताना मी नदीत पडलो. यांपैकी एकही विधान मला मान्य नाही. मी नदीत पडलो नाही. पाण्याचा जोर पाहून मी सावधपणे खाली बसलो; आणि बसलेला माणूस प्रवाहाबरोबर चार हात पुढे गेला, तर त्याला पडणे म्हणत नाहीत.

मास्तर नागपूरला धरमपेठेत राहतात. प्रकृती उत्तम आहे. रोज सकाळी फिरायला निघतात आणि वाटेत भेटेल त्याला ही हकीकत ऐकवतात. संपादकांनी या नाताळ अंकासाठी माझ्याकडे सेवाकाळातील आठवणी मागितल्या, तेव्हा मी ठरवले की वर्षांचा आणि बदल्यांचा पाढा वाचायचा नाही; हे एकच लग्न जसे झाले तसे सांगायचे.

बाहेरच्या वाचकांसाठी प्रथम आमच्या कामाविषयी. ख्रिस्ती मंडळीची देखभाल करणाऱ्याला आम्ही पाळक म्हणतो. कळप पाळणारा, या अर्थाने. शहरातला पाळक रविवारी व्यासपीठावर दिसतो म्हणून लोकांना वाटते की त्याचे काम बोलण्याचे. खरे काम ऐकण्याचे. घरोघर जायचे, मिळेल तिथे बसायचे, कोण आजारी, कोण रुसले, कोणाची म्हैस आटली हे ऐकायचे, मग शास्त्राचा एक उतारा वाचून प्रार्थना करायची. नागपूरच्या मंडळीकडे पूर्वेच्या दाट जंगलातल्या काही टोल्यांची, म्हणजे लहान वस्त्यांची, जबाबदारी होती. तिथे दहा-दहा, बारा-बारा ख्रिस्ती घरे. पाळक वर्षातून दोनदा जायचा. बाप्तिस्मे, प्रभुभोजन, लग्ने, सगळे त्या दोन खेपांत. खांद्यावर एक झोळा असे. त्यात विवाहाची नोंदवही, शाईची दौत, प्रभुभोजनासाठी भिजवलेल्या मनुकांच्या रसाची बाटली, हिवतापाच्या गोळ्या आणि आमच्या मंडळीच्या नियमांचे पुस्तक. हे शेवटचे मी पंधरा वर्षे वाहिले. उघडले किती वेळा, ते पुढे कळेल.

गोष्ट सत्तरच्या आसपासची. इतवारी स्टेशनवरून छोटी गाडी, मग मोटार, आणि मोटारीचा रस्ता संपला की पायी. मोटारीच्या कंडक्टरने मला विचारले, "तुम्ही काय काम करता जी?" मी म्हणालो, "पाळक आहे." तिकडच्या पुष्कळांना ळ उच्चारता येत नाही, आणि ऐकूही येत नाही. त्याने माझ्या झोळ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "पालक? मंग जुड्या कुठी हायेत?" पुढच्या बाकावरची बाई वळून म्हणाली, "मेथी असन तं मले दे गा भाऊ." शलमोन मास्तर खिडकीकडे तोंड करून हसले. हा प्रसंग त्यांच्या लेखात दोनदा आला आहे. एकदा पुरे होता.

मास्तर आमच्या शाळेत व्याकरण शिकवत आणि मंडळीचे चिटणीस होते. माझ्या खेपा नियमानुसार होतात की नाही हे पाहण्यासाठी कमिटीने त्यांना माझ्यासोबत धाडले होते. ते स्वतः लिहितात, "पाळकांना सोबत म्हणून." असो.

आम्ही निघालो होतो कोसमटोल्याला. मृग लागला की त्या टोल्याच्या आणि मोटाररस्त्याच्या मधली नदी फुगते आणि चार महिने पलीकडचे जग तोडून टाकते. त्या काळात तिथे बाजार नाही, टपाल नाही. जंगल इतके दाट की पाऊस थांबल्यावरही झाडे अर्धा दिवस गळत राहतात. त्या चार महिन्यांत मंडळी सांभाळायचे एतवारू बाबा. त्या मुलखात ज्या वारी मूल जन्मते त्या वाराचे नाव त्याला देतात. मंगळवारचा मंगरू, बुधवारचा बुधराम. बाबा रविवारचे, म्हणून एतवारू. त्यांना अक्षरओळख नव्हती. शास्त्रातले उतारे मात्र पाठ होते, आवाज खणखणीत होता, आणि टोल्यातला रविवार त्यांच्या हाती होता.

हे शब्दशः घ्यावे. बाबांच्या झोपडीत दोन तुंबे टांगलेले असत, वाळलेल्या भोपळ्यांचे. एकात मोहाच्या सात बिया. रोज उजाडता एक बी या तुंब्यातून त्या तुंब्यात टाकायची. हात घालून तुंबा रिकामा लागला की आज रविवार, आणि त्याच सकाळी उलटा फेरा सुरू. मग बाबा बाहेर येऊन झाडाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर घण मारत, आणि तो आवाज दीड कोसावरच्या दुसऱ्या टोल्यापर्यंत जाई. दोन्ही टोले उपासनेला जमत. या दुसऱ्या टोल्यात राहायचा मंगरू, आणि त्याचे लग्न ठरले होते बाबांच्या नातीशी, सगुणाशी.

ते लग्न आदल्या वर्षीच लागायचे. पावसाळ्याआधीच्या खेपेत मी ते लावणार होतो, आणि त्यासाठी मंगरू बांबूच्या कटाईवरून मुद्दाम लवकर परतला होता. मी गेलो नाही. तापाने आजारी होतो असे मी तेव्हा कळवले. खरे कारण निराळे होते. नागपूरच्या मंदिरातल्या बाकांना तपकिरी रंग द्यावा की हिरवा, या विषयावर कमिटीच्या तीन बैठका झाल्या. मी तपकिरीच्या बाजूने होतो आणि मैदान सोडायला तयार नव्हतो. बाक तपकिरी झाले. तोवर नदी भरली. पावसानंतरच्या खेपेला गेलो, तेव्हा मंगरू आणि त्याचा बाप दसरू पुन्हा कटाईवर निघून गेले होते. कटाईची माणसे निघतात ती मृगाच्या तोंडावर परततात, आणि मृगाच्या तोंडावर पुन्हा नदी. त्या तीन बैठकांपायी सगुणाचे वर्ष गेले. हे मास्तरांच्या लेखात नाही, कारण ते हिरव्या रंगाच्या बाजूने होते आणि त्यांनाही ते आठवायला नको आहे.

तेव्हा या खेपेला मी नदी उतरायची वाट पाहत बसलो होतो. आमच्यात लग्नाआधी मंडळीसमोर तीन वेळा पुकार करावी लागते: अमक्याचे तमकीशी लग्न ठरले आहे, कोणास हरकत असल्यास सांगावी. ती पुकार बाबांनी करून ठेवावी, असे मी उन्हाळ्यातच सांगून आलो होतो. जंगलखात्याच्या शिपायाला पत्र धाडले, की आम्ही गुरुवारी पोचतो. तो मंगळवारी कमरेइतक्या पाण्यातून पलीकडे गेला आणि सांगून आला, "पालक परवा येऊन राहिला." सोबत दुसराही निरोप: बांबूच्या ठेकेदाराचा ट्रक कटाईच्या माणसांना न्यायला शुक्रवारी सकाळी रस्त्यावर उभा राहील. तोही त्याने "तेरवा सकाळी" असाच सांगितला. वार त्याने सांगितला नाही आणि त्याला कोणी विचारला नाही. जंगलात आज, उद्या, परवा, तेरवा एवढ्यावर भागते.

आम्ही नदी उतरलो, ती कशी हे वर आले आहे, आणि टोल्याजवळ पोचलो तोच रुळाचा तुकडा घणघणू लागला. पाहतो तो सगळी मंडळी धुतलेल्या कपड्यांत मांडवाखाली बसलेली. सगुणा हळदीची साडी नेसलेली. मंगरू डोक्याला इतके तेल लावून आलेला, की कानांपर्यंत ओघळ आले होते. एतवारू बाबा दोन्ही हात पसरून पुढे आले.

"या जी, या! मी म्हनलंच होतं. परवा येतो म्हनलं तुम्ही, अन् परवा निघाला रविवार. देवानंच जमवलं."

आणि मी म्हणालो, "बाबा, आज गुरुवार आहे."

हे मी बोललो. मास्तर नव्हे. मास्तरांच्याही ध्यानात आले असेल. आम्ही दोघे मंगळवारी एकाच गाडीत बसलो होतो, त्यांच्या खिशात पंचांगही होते. पण शब्द माझे. या श्रेयासाठी मी मास्तरांशी अनेक वर्षे भांडलो आहे. आता लिहिताना वाटते, की ते श्रेय त्यांना देऊन टाकले असते तर बरे. साऱ्या मंडळीसमोर, लग्नाच्या मांडवात, एका म्हाताऱ्याच्या हातातला रविवार असा काढून घ्यायचा नसतो. बाजूला नेऊन सांगता आले असते.

बाबांचे हात पसरलेलेच राहिले. मग ते झोपडीत गेले, दोन्ही तुंबे घेऊन आले आणि बिया चादरीवर ओतल्या. सहा. त्यांनी पुन्हा मोजल्या. सहाच. एका तुंब्याच्या बुडाला उंदराने पाडलेले भोक होते, नेमके एक बी जाईल एवढे.

आम्हा नागपूरकरांना हे नवल वाटेल. आम्ही वारांच्या पेठा करून ठेवल्या आहेत. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, त्या जागच्या हलत नाहीत. पण विचार करा, रोज एकच बी उचलणारा माणूस रोज सगळ्या कशाला मोजील? सहा बिया, सहा दिवसांचा आठवडा. ती बी मृगानंतर दोन-तीन आठवड्यांनी गेली असेल, तर तेव्हापासून आम्ही नागपुरात चौदा रविवार पाळले, आणि कोसमटोल्याने आजचा धरून सतरा.

मी हे गणित मोठ्याने सांगितले. बाबा ऐकत होते. बिया मुठीत घेऊन म्हणाले, "म्हंजे देवाले तीन रविवार जास्त गेले?"

"हो बाबा."

"जाऊ द्या मंग. वापस थोडीच मांगून राहिलो आपण."

मंडळी हसली. मीही हसलो. हसला नाही तो दसरू. नवऱ्या मुलाचा बाप, उंच, हाडकुळा, कटाईवरचा जुना माणूस. तो म्हणाला, "थे ठीक हाय. पन मंग पुकार?"

मास्तरांनी चष्मा काढला. चष्मा काढला की मास्तर निकाल देतात, हे त्यांचे विद्यार्थी जाणतात. "पुकार तीन रविवारी व्हावी असा नियम आहे. झालेली पुकार रविवारी झालेली नाही. सबब ती झालेली नाही. पुन्हा तीन रविवार पुकार करावी लागेल."

"ट्रक उद्या हाय," दसरू म्हणाला.

अडचण काय होती ती सांगतो. कटाईवर नवरा-बायकोची जोडी घेतात. एकाने तोडायचे, दुसरीने मोळ्या बांधायच्या. लग्न आज लागले तर सगुणा उद्या मंगरूबरोबर जाणार. नाही लागले तर तो जाणार आणि ती राहणार, पुन्हा मृगापर्यंत, पुन्हा नदी.

"मांगच्या साली तुम्ही आले नाही," दसरू माझ्याकडे पाहून म्हणाला. "औंदा आले तं वार चुकला. मी तिसरं साल नाही थांबत जी. मंगरूले दुसरी पाहीन."

"बाप्पा, माह्याशी तं बोल," मंगरू पुटपुटला.

"तू चूप गा. तेल पूस पहिले."

आता इथे मास्तर लिहितात, की पाळक गोंधळले आणि मी मार्ग काढला. वस्तुस्थिती अशी, की आम्ही दोघेही वाद घालू लागलो. मी म्हणालो, अपवादात्मक परिस्थितीत पाळकास सूट देण्याचा अधिकार आहे. मास्तर म्हणाले, तो पाळकास नाही, वरिष्ठांस आहे. मी म्हणालो, पाचवे कलम पाहा. ते म्हणाले, पाचवे कलम अंत्यविधीचे आहे. मी उदाहरणे दिली, त्यांनी खोडली. आमचे मराठी उत्तरोत्तर शुद्ध होत गेले. मांडवातली माणसे एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे माना वळवत होती. भात चुलीवरून उतरला, त्यावर झाकण पडले, तो गारही झाला असेल.

मग सगुणा उठली. नवरी मांडवात बोलत नाही, ही रीत तिथेही आहे. ती म्हणाली, "पालकजी, माह्या आबानं तीनदा पुकार केली. दोन्ही टोले बसून होते. कोनी हरकत घेतली नाही. रविवार नव्हता म्हून काय लोकायले कान नव्हते?"

"मुद्दा भावनेचा आहे," मास्तर म्हणाले, "नियमाचा नाही."

"काहून नाही? पुकार कोनासाठी असते, वारासाठी का मानसासाठी?"

मास्तर चष्मा पुसू लागले. मी पुन्हा कलमे मोजू लागलो.

तेव्हा एतवारू बाबा, जे इतका वेळ सहा बिया मुठीत धरून खाली बसले होते, हळूच म्हणाले, "मी अडानी हाय, रागावू नका जी. पन थे नियमाचं पुस्तक तुमच्या झोऱ्यात हाय ना?"

"आहे," मी म्हणालो.

"मंग दोघं बी पाठ म्हनून राहिले, त्यापेक्षा उघडून वाचा ना."

पंधरा वर्षे मी ते पुस्तक खांद्यावर वाहिले होते. मास्तर त्याच्या आधारे चिटणीसपद चालवत होते. नियम तीन रविवारचा, हे आम्ही दोघांनी लहानपणापासून मोठ्यांच्या तोंडून ऐकले होते, आणि डोळ्यांनी कधीही वाचले नव्हते. मी पुस्तक काढले. नदीमुळे पाने चिकटली होती. मास्तरांनी ती नखाने सोडवली. कलम सापडले. मी वाचले: "विवाहाची पुकार मंडळी उपासनेस जमली असता तीन निरनिराळ्या दिवशी करावी."

मास्तरांनी पुस्तक माझ्या हातून घेतले, चष्मा लावला आणि पुन्हा वाचले. मग पान उलटून मागे पाहिले. रविवार हा शब्द तिथे नव्हता. मागच्या पानावरही नव्हता.

"काय लिवलं?" दसरूने विचारले.

मास्तर व्याकरणाचे शिक्षक. त्यांनी प्रामाणिकपणे उत्तर दिले. "मंडळी जमली पाहिजे, आणि दिवस तीन पाहिजेत. वाराचा उल्लेख नाही."

"मंडळी जमली होती?" बाबांनी विचारले.

"होती," दोन्ही टोले एकदम म्हणाले.

तेव्हा मास्तरांनी लिहिलेले दुसरे विधान खोटे आहे, आणि मी ज्या-ज्या बैठकीत ही गोष्ट सांगितली त्या-त्या बैठकीत मी लावलेली पुरवणी, की कलम मला आठवले, तीही खोटी आहे. पुस्तक उघडायला सांगितले ते ज्याला वाचता येत नव्हते त्याने. मास्तरांनी पुढच्या आवृत्तीत तशी दुरुस्ती करावी. मी माझी इथे केली आहे.

लग्न लागले. इतक्या मोठ्या आवाजात "आमेन" मी नागपूरच्या तपकिरी बाकांवरून कधी ऐकला नाही. वचन देताना मंगरू अडखळला, तेव्हा सगुणाने त्याचेही शब्द त्याला सांगितले. मग एका तान्ह्याचा बाप्तिस्मा होता. पावसाळ्यात जन्मलेला, बुधवारचा म्हणून बुधराम. त्याच्या बापाला एकदम शंका आली. "मंग याचं नाव बदलावं लागते का जी?" मास्तर खिशातले पंचांग काढून बोटांवर हिशेब करू लागले. पोराची आई म्हणाली, "राहू द्या ना गुरुजी. तो आला त्या दिवशी इथी बुधवारच होता." मास्तरांनी पंचांग खिशात घातले. माझ्या आठवणीत मास्तरांनी वाद न घालता मान्य केलेली ही एकमेव गोष्ट आहे, आणि मी ती त्यांच्या बाजूने नोंदवतो.

गार भात, उडदाची डाळ आणि रानातल्या अळंब्या असे जेवण झाले. ढोल निघाले. दसरू नाचला. मास्तरही नाचले, हे त्यांनी लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो. एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हातात चष्मा. मी बाबांना सातवी बी शोधून दिली, तुंब्याच्या बुडाला लाखेचे बूच बसवले, आणि आजचा वार नीट लावून दिला. तीन दिवसांनी खरा रविवार आला तेव्हा आम्ही तिथेच होतो. एका आठवड्यात दुसऱ्यांदा घण वाजवताना बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पाहून मला त्यांचा हेवा वाटला.

पण त्याआधीची शुक्रवारची सकाळ राहिली. कटाईची माणसे नदीकडे निघाली होती. सगुणाने खांद्यावर गाठोडे आणि कमरेला कोयता अडकवला होता. मी वाट सोडून उभा होतो. आदल्या वर्षीचे खरे कारण तिला सांगावे असे मनात होते. मी म्हणालो, "सगुणा, गेल्या साली मला ताप नव्हता. बाकांच्या रंगाची मीटिंग होती."

तिने माझ्याकडे नीट पाहिले. "कोनता रंग?"

"तपकिरी."

"हव, ज्याच्यापायी मी साल काढलं," ती म्हणाली, "थो रंग तरी चांगला घ्याचा होता जी." आणि इतकी हसली, की पुढे गेलेला मंगरू थांबून मागे पाहू लागला. पाण्यात पाय टाकताना ती वळून ओरडली, "पुढच्या साली बाप्तिस्म्याले या! वार कोनताही चालते!"

पुढच्या वर्षी कमिटीची बैठक होती. विषय मंदिराच्या पडद्यांचा. मी सभापतींना चिठ्ठी धाडली, की पडदे कोणत्याही रंगाचे घ्यावेत. मृग लागायच्या आठवडाभर आधीच मी कोसमटोल्यात होतो. सगुणाचे बाळ यायला अजून महिना होता; मी थांबलो.